न्यूझीलंडचे दक्षिण बेट कुटुंबासह गाडीने: सहलीचा आराखडा कसा आखावा

परदेशात स्वतः गाडी चालवत कुटुंबासह फिरायचे ठरवले, तर पहिल्या खेपेसाठी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाइतका योग्य प्रदेश मला दुसरा दिसत नाही. तिथे वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, फलक इंग्रजीत असतात, संपूर्ण बेटावर एकही टोलनाका नाही, आणि महाराष्ट्राच्या साधारण निम्म्या क्षेत्रफळाच्या या भूभागात सुमारे बारा लाख लोकच राहत असल्याने शहराबाहेर पडले की रस्ते मोकळे मिळतात. असे असूनही अनेक कुटुंबे तिथून दमूनभागून परततात. त्याचे कारण बहुतेक वेळा रस्त्यात नसून आराखड्यात असते. पाहायच्या ठिकाणांची यादी आधी केली जाते आणि हाती असलेल्या दिवसांत ती कशीबशी कोंबली जाते. हे काम उलट्या क्रमाने करावे, असा माझा आग्रह आहे. आधी रात्री मोजाव्यात, त्या मोजक्या गावांत वाटाव्यात, आणि त्या गावांच्या आसपास जे येईल तेवढेच आपले मानावे.

पहिली पायरी: हंगाम

न्यूझीलंडचे ऋतू आपल्या उलट असतात आणि मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांशी त्यांचा मेळ घालणे हाच पहिला निर्णय असतो. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे शरद संपून थंडी सुरू होत असते. मेच्या मध्यावर क्वीन्सटाउनमध्ये सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो, त्यामुळे फिरायला जेमतेम नऊ तासांचा उजेड मिळतो आणि सावलीतल्या वळणांवर पहाटे बर्फाचा पारदर्शक थर असू शकतो. नाताळच्या सुट्टीत ऐन उन्हाळा असतो, पण त्याच वेळी तिथल्या शाळांनाही सुट्ट्या असतात. मोटेल आणि गाड्यांचे दर चढतात, आणि वर्षभरात सर्वाधिक गर्दी डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीअखेरपर्यंत असते.

शाळकरी मुले असलेल्या कुटुंबासाठी दिवाळीची सुट्टी मला सर्वांत सोयीची वाटते. तो तिथला वसंत ऋतू असतो, डोंगरांवर बर्फ टिकून असतो, कुरणांत कोकरे बागडत असतात, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी साडेआठच्या पुढेपर्यंत उजेड राहतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. ऑक्टोबरमधल्या चौथ्या सोमवारी तिथे कामगार दिनाची सुट्टी असते, त्यामुळे तो शनिवार-रविवार जोडून येतो आणि मुक्कामाच्या जागा लवकर भरतात. शिवाय वसंतातली हवा चंचल असते, म्हणून हिमवर्षाव आणि कडक ऊन या दोन्हींची तयारी एकाच बॅगेत असावी लागते.

दुसरी पायरी: रात्रींचा हिशेब

मुंबईहून निघून परत मुंबईत पोहोचेपर्यंत जितके दिवस हाती असतील, त्यांतून प्रवासाचे तीन दिवस आधीच वजा करावेत. वेळेचा फरक उन्हाळी वेळ लागू असताना साडेसात तासांचा आणि एरवी साडेसहा तासांचा असतो. घड्याळ त्यांचे पुढे असल्याने पहिल्या एक-दोन दिवशी मुलांना सकाळी जाग येत नाही, आणि रात्री झोप येत नाही.

उरलेल्या रात्री दहापेक्षा कमी असतील, तर उत्तर बेटाचा विचार सोडून द्यावा. ऑकलंड, रोटोरुआ आणि दक्षिण बेट हे तिन्ही दहा दिवसांत बसवणारे आराखडे टूर कंपन्या विकतात, पण त्यातले बरेच तास विमानतळांवर जातात.

दहा रात्रींची वाटणी मी अशी करीन: क्राइस्टचर्च २, टेकापो १, माउंट कुक किंवा ट्वायझेल २, क्वीन्सटाउन २, टे अनाऊ २, आणि क्वीन्सटाउनला गाडी परत देऊन देशांतर्गत विमानाने क्राइस्टचर्चला पोहोचल्यावर शेवटची १. पंधरा रात्री मिळाल्या, तर क्वीन्सटाउनला एक रात्र वाढवावी आणि पश्चिम किनाऱ्याने वर्तुळ पूर्ण करावे: वानाका २, फ्रान्झ जोसेफ १, होकिटिका १, आणि पुन्हा क्राइस्टचर्च १. हे पूर्ण वर्तुळ आसपासची फिरती धरून दोन हजार किलोमीटरच्या थोडे पुढे जाते.

गाव बदलण्याचा दिवस हा पर्यटनाचा दिवस समजू नये. तिथल्या मोटेलमध्ये सकाळी दहाला खोली सोडावी लागते. आजी-आजोबांच्या आंघोळी, औषधे, नाश्ता, मुलांचे हरवलेले मोजे आणि सामान गाडीत बसवणे हे सगळे दहाच्या आत व्हायचे, म्हणजे घर सहा-साडेसहाला जागे व्हायला हवे. रोज गाव बदलले तर ही धावपळ रोजची होते. एकाच ठिकाणी दोन रात्री काढल्या की मधली सकाळ मोकळी मिळते, कपडे धुऊन वाळतात, आणि ज्याला बरे वाटत नसेल त्याला खोलीवर थांबता येते. टेकापो, फ्रान्झ जोसेफ, होकिटिका आणि क्राइस्टचर्चची शेवटची रात्र एवढे अपवाद सोडले तर म्हणूनच वरच्या वाटणीत एका रात्रीचा मुक्काम नाही.

गाव बदलण्याच्या दिवशी नकाशावरचा वेळ चार तासांपेक्षा जास्त नसावा, आणि त्या वेळात निम्म्याने भर घालूनच दिवस आखावा. मोबाइलवरचा नकाशा कुठेही न थांबता गाडी चालवल्याचा वेळ सांगतो. प्रत्यक्षात वळणे, एकपदरी पूल, मुलांची शू, आणि 'इथे थांबूया ना' असे दर वीस मिनिटांनी कोणीतरी म्हणणे, यांमुळे तीन तासांचा रस्ता साडेचार तासांचा होतो. तो तसा व्हावा यासाठीच तर गाडी घेतलेली असते.

तिसरी पायरी: व्हिसा आणि विमान

भारतीय पासपोर्टवर न्यूझीलंडला आधी व्हिजिटर व्हिसा काढावा लागतो. काही देशांच्या नागरिकांना मिळणारी नुसती इलेक्ट्रॉनिक परवानगी आपल्याला लागू नाही. अर्ज ऑनलाइन होतो, आणि निघण्याच्या दोन-तीन महिने आधी तो दाखल करावा. खर्चाची तजवीज दाखवताना प्रत्येक व्यक्तीमागे महिन्याला १००० न्यूझीलंड डॉलर, किंवा राहण्याचे पैसे आधीच भरलेले असतील तर ४०० डॉलर, असा निकष असतो. मराठीतली कागदपत्रे, उदाहरणार्थ जन्मदाखला किंवा सातबारा, इंग्रजी भाषांतरासह द्यावी लागतात. आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलांना घेऊन जात असेल, तर दुसऱ्याचे लेखी संमतिपत्र जोडावे. व्हिसा हाती येईपर्यंत विमान आणि मुक्काम दोन्ही रद्द करता येण्याजोगेच ठेवावेत.

विमान निवडताना एक खाचखळगा आहे. स्वस्त तिकिटे बरेचदा सिडनी किंवा मेलबर्नमार्गे असतात आणि भारतीय पासपोर्टधारकांना तिथे विमान बदलण्यासाठीसुद्धा ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. सिंगापूरमार्गे गेल्यास, एकाच तिकिटावर विमानतळाच्या आतच विमान बदलता येते आणि तिथून क्राइस्टचर्चला थेट विमान आहे. क्वीन्सटाउनहून थेट आंतरराष्ट्रीय विमाने ऑस्ट्रेलियालाच जातात, म्हणून सहल तिथे संपवण्याचा मोह होत असला तरी परतीचे विमान क्राइस्टचर्च किंवा ऑकलंडहूनच धरावे.

प्रवास विमा काढताना ज्येष्ठांचा रक्तदाब, मधुमेह, पूर्वी झालेली अँजिओप्लास्टी हे सगळे अर्जात नमूद करावे. न्यूझीलंडमध्ये अपघाती दुखापतीवरील उपचारांचा बराचसा खर्च तिथली सरकारी अपघात भरपाई योजना पर्यटकांसाठीही उचलते. आजारपणासाठी मात्र ती लागू नाही, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत खरी भीती आजारपणाचीच असते. नेहमीची औषधे तीन महिन्यांपुरती, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत.

चौथी पायरी: गाडी

गाडी निवडताना माणसे मोजली जातात आणि सामान विसरले जाते. सात आसनी गाडीची तिसरी रांग वर केली की मागे डिकी म्हणून उरते ती एक-दोन छोट्या पिशव्यांपुरती जागा. सहा जण आणि सहा मोठ्या सुटकेस असा हिशेब त्यात बसत नाही. पाच जणांना मोठी एसयूव्ही, सहा-सात जणांना मोठी व्हॅन, आणि प्रत्येकाला एकच मऊ कापडी बॅग, हे सूत्र ठेवावे. कडक कवचाच्या सुटकेस अडनिड्या जागेत दबत नाहीत, कापडी बॅगा दबतात.

कॅम्परव्हॅनचे, म्हणजे आतच राहण्याची सोय असलेल्या गाडीचे, आकर्षण मोठे आहे आणि दोघांच्या जोडप्याला ती छान जमते. पण तीन पिढ्यांच्या कुटुंबासाठी मी ती सुचवणार नाही. ज्येष्ठांना रात्री उठून अरुंद जागेत वावरावे लागते, सांडपाणी आणि शौचालयाची टाकी ठरावीक ठिकाणी जाऊन रिकामी करावी लागते, आणि मोठे वाहन घाटात वाऱ्याने डुलते. डिझेलचे वाहन घेतल्यास दर किलोमीटरमागे रस्ता वापराचे वेगळे शुल्क लागते आणि गाडी परत करताना ते बिलात येते. पंपावरचा डिझेलचा दर पाहून हुरळून जाऊ नये.

भाड्याचा करार ज्याच्या नावाने आहे, त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड अनामत रकमेसाठी मागतात. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड अनेक ठिकाणी चालत नाही. गाडी चालवणारे दोघे असावेत आणि दोघांची नावे करारात घालून घ्यावीत, कारण नाव नसलेल्या व्यक्तीच्या हातून काही घडले तर विमा मिळत नाही. विम्यात आपल्या खिशातून भरायची रक्कम किती आहे, काच आणि टायर त्यात आहेत का, आणि कोणत्या रस्त्यांवर गाडी नेण्यास मनाई आहे, हे तीन प्रश्न विचारूनच सही करावी. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा कच्चा रस्ता जवळपास प्रत्येक करारात वर्ज्य असतो.

सात वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी मान्यताप्राप्त चाइल्ड सीट कायद्याने सक्तीची आहे. सात वर्षांच्या मुलालाही ती उपलब्ध असेल तर वापरावी लागते. मूल मांडीवर घेऊन बसण्याची आपल्याकडची सवय तिथे चालणार नाही, म्हणून सीट गाडीबरोबरच नोंदवावी आणि ताब्यात घेताना पट्टे मुलाच्या मापाचे करून घ्यावेत.

पाचवी पायरी: तिथले गाडी चालवणे

महाराष्ट्राचा स्मार्टकार्ड परवाना इंग्रजीत असल्याने पर्यटकाला तो चालतो. तरीही आरटीओकडून एक वर्षाच्या मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवावा, कारण काही भाडेकंपन्या तो मागतात. मूळ परवाना मात्र सोबत हवाच, नुसती मोबाइलवरची प्रत पुरत नाही.

खुल्या रस्त्यावर ताशी १०० आणि वस्तीत ताशी ५० किलोमीटर ही सर्वसाधारण मर्यादा असते. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, आणि हा नियम तिथे खरोखर पाळला जातो. 'स्टॉप' लिहिलेल्या फलकापाशी रस्ता रिकामा दिसला तरी चाके पूर्ण थांबली पाहिजेत. रस्त्याच्या मधोमध आपल्या बाजूला सलग पिवळी रेघ असेल, तर पुढच्या गाडीला ओलांडता येत नाही. गाडी उभी करतानाही ती वाहतुकीच्याच दिशेने तोंड करून, डाव्या कडेला लावावी. समोरच्या बाजूला जागा दिसली म्हणून उलट तोंडाने लावली तर दंड होतो.

पश्चिम किनाऱ्यावर आणि डोंगराळ भागात सर्वांत जास्त गोंधळ एकपदरी पुलांवर होतो, म्हणून ते दोन फलक निघण्यापूर्वीच डोळ्यांत बसवून घ्यावेत. लाल कडेचा गोल फलक असेल, त्यात आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल, तर समोरच्याचा मोठा आणि काळा असेल, तर आपण थांबायचे. निळा आयताकृती फलक असेल आणि त्यात आपला पांढरा बाण मोठा असेल, तर जाण्याचा पहिला हक्क आपला. हक्क आपला असला तरी पुलावर समोरची गाडी आधीच चढलेली असेल, तर ती उतरेपर्यंत थांबावे. पूल लांब असतो, आणि मध्येच तोंडासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी कोणाला तरी मागे घेत जावे लागते.

आपल्या चालकांना घाटाची सवय असते, पण मागे रांग लागली की बाजूला होण्याची सवय नसते. तिथे निसर्ग पाहत हळू चालायला कोणाची हरकत नाही. मात्र मागे दोन-तीन गाड्या जमल्या की डावीकडच्या मोकळ्या जागेत थांबून त्यांना पुढे जाऊ द्यावे. हॉर्न धोक्याच्या प्रसंगीच वाजवावा. फोटोसाठी रस्त्याच्या मधोमध किंवा वळणावर गाडी थांबवणे हे पर्यटकांच्या अपघातांना दिलेले आमंत्रण आहे. जिथे गाडी पूर्णपणे रस्त्याबाहेर घेता येईल, तिथेच थांबावे.

विमानातून उतरल्या दिवशी गाडी चालवू नये. क्राइस्टचर्च विमानतळ शहरापासून जवळ आहे, टॅक्सीने मुक्कामी जावे, झोपावे, आणि गाडी तिसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात घ्यावी. यात भाड्याचे दोन दिवसही वाचतात. संकटाच्या प्रसंगी १११ हा एकच आपत्कालीन क्रमांक पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी आहे.

सहावी पायरी: मुक्काम, स्वयंपाक आणि सोबतचा खाऊ

आपल्या कुटुंबांसाठी मोटेलची स्वयंपाकघर असलेली खोली, किंवा हॉलिडे पार्कमधली केबिन, या दोनच गोष्टी मी सुचवेन. हॉलिडे पार्कमध्ये मोठे सामाईक स्वयंपाकघर असते, मुलांना खेळायला जागा असते, कपडे धुण्याची यंत्रे असतात, आणि शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाशी ओळख होते. लहान गावांत उपाहारगृहांची स्वयंपाकघरे रात्री आठ-साडेआठला बंद होतात, त्यामुळे 'फिरून आल्यावर जेवू' हा आपला शिरस्ता तिथे उपाशी ठेवतो. तांदूळ, डाळ, दही, भाज्या आणि ब्रेड सुपरमार्केटमध्ये सहज मिळतात, क्राइस्टचर्चमध्ये भारतीय किराणा दुकाने आहेत, आणि तिथूनच पंधरा दिवसांचा मसाला आणि पीठ भरून घेतले की पुढे चिंता राहत नाही. लहान कुकर घरून न्यावा. दिवसभराच्या गाडीनंतर गरम मुगाची खिचडी ज्येष्ठांनाही मानवते आणि मुलेही कुरकुर न करता खातात.

सोबतच्या खाऊबाबत मात्र अत्यंत काटेकोर राहावे. न्यूझीलंडची जैवसुरक्षा तपासणी कडक आहे. विमानात बसण्याआधी, साधारण आदल्या दिवशी, प्रत्येकाची ऑनलाइन प्रवासी घोषणा विनामूल्य भरायची असते आणि त्यात कोणताही खाद्यपदार्थ असल्यास तो जाहीर करायचा असतो. जाहीर न केलेला धोक्याचा पदार्थ सापडला, तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. जाहीर केले तर, फार तर पदार्थ काढून घेतात, दंड होत नाही. ताजी फळे, कढीपत्ता, मिरच्या, मध, पेढे-बर्फी आणि तूप घरीच ठेवावे. चकली, भाकरवडी, चिवडा असे पदार्थ दुकानातले, सीलबंद आणि घटकांचे इंग्रजी लेबल असलेले न्यावेत, आणि तेही सगळे एकाच पिशवीत ठेवावेत, म्हणजे तपासणीच्या टेबलावर सहा बॅगा उघडाव्या लागत नाहीत. ट्रेकिंगचे बूट माती काढून स्वच्छ धुऊन न्यावेत, तेही तपासतात.

सातवी पायरी: मार्ग

क्राइस्टचर्चचे दोन दिवस विश्रांतीचे. मुलांसाठी शहराच्या मध्यावर मोठे मार्गारेट माही क्रीडांगण आहे, ज्येष्ठांसाठी बोटॅनिक गार्डन, आणि पाऊस असेल तर विमानतळासमोरचे अंटार्क्टिक केंद्र.

तिसऱ्या दिवशी टेकापो, सुमारे २३० किलोमीटर. जेराल्डीन किंवा फेअरली इथे जेवणासाठी थांबावे. टेकापोच्या काठावर १९३५ मध्ये बांधलेले दगडी चर्च आहे, पण इथला मुक्काम रात्रीच्या आकाशासाठी आहे. आओराकी मॅकेन्झी या परिसराला २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय अंधारे आकाश राखीव क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. आराखडा करताना पंचांगाचा इथे थेट उपयोग होतो: ती रात्र अमावास्येच्या जवळ येईल अशी तारीख धरावी. दिवाळीची सुट्टी अमावास्येभोवतीच असते, त्यामुळे हे सहज साधते. दक्षिण गोलार्धातले, आपल्याकडे क्षितिजाजवळ अडकणारे तारे तिथे डोक्यावर असतात, आणि मृग नक्षत्र उलटे दिसते. मुलांना हे आधी सांगून ठेवावे.

टेकापोहून माउंट कुक गाव सुमारे १०५ किलोमीटरवर आहे. पुकाकी सरोवर लागले की त्याचा दुधी निळा रंग पाहून मुले कारण विचारतात, तर हिमनद्यांनी घासून केलेली खडकाची बारीक पूड पाण्यात तरंगत राहते आणि त्यावरून प्रकाश विखुरतो, हे ते कारण. सरोवराच्या काठाने जाणारा शेवटचा रस्ता थेट ३७२४ मीटर उंचीच्या आओराकीच्या, म्हणजेच माउंट कुक शिखराच्या, दिशेने जातो. इथे बसायची जागा ज्येष्ठांना पुढची द्यावी. गावातल्या खोल्या मोजक्या आणि महाग असल्याने ट्वायझेलला राहणे परवडते. हूकर व्हॅलीची पायवाट प्रसिद्ध आहे, येऊन-जाऊन दहा किलोमीटरची आणि बरीचशी सपाट, पण तिच्यावरच्या झुलत्या पुलाच्या कामामुळे वरचा भाग बंद ठेवण्यात आला होता, म्हणून निसर्गसंवर्धन विभागाच्या संकेतस्थळावर स्थिती पाहूनच बेत ठरवावा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तासाभराची किआ पॉइंटची वाट अधिक योग्य. टॅस्मन हिमनदीचे दर्शनस्थळ जवळ दिसते, पण तिथे तीनशेच्या वर पायऱ्या आहेत.

तिथून क्वीन्सटाउन सुमारे २६० किलोमीटर, वाटेत लिंडिस खिंड. क्वीन्सटाउनच्या साहसी खेळांत पैसा पाण्यासारखा जातो, म्हणून प्रत्येकाने एकच गोष्ट निवडावी, असा नियम घरीच करून घ्यावा. १९१२ मधली, कोळशावर चालणारी अर्न्स्लॉ ही वाफेची बोट मुलांपासून आजोबांपर्यंत सर्वांना आवडते, आणि इंजिनाची खोली वरून पाहता येते.

टे अनाऊच्या दोन रात्री मिलफोर्ड साउंडसाठी, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीसाठी, आहेत, आणि या दोन रात्रींवर तडजोड करू नये. क्वीन्सटाउनहून एका दिवसात मिलफोर्ड करून येणे म्हणजे जाऊन-येऊन सुमारे आठ तास गाडीत. टे अनाऊहून ते १२० किलोमीटर आहे. बसगाड्यांचा लोंढा दुपारी पोहोचतो, म्हणून सकाळी सातला निघून सकाळची बोट धरावी. टाकी टे अनाऊमध्येच पूर्ण भरावी आणि नकाशा मोबाइलवर उतरवून घ्यावा, कारण वाटेतल्या मोठ्या टप्प्यात मोबाइलचा सिग्नल मिळत नाही. वाटेत होमर बोगदा लागतो: १९५० च्या दशकात खुला झालेला, सव्वा किलोमीटर लांब, खडक तसाच ठेवलेला, आणि मिलफोर्डकडे तीव्र उताराचा. बोगद्यापाशी वाहतुकीच्या सिग्नलसाठी थांबलेल्या गाड्यांवर किआ नावाचे हिरवे डोंगरी पोपट उतरतात आणि चोचीने काचेच्या कडेचे रबर सोलून काढतात. मुलांना खूप मौज वाटते, पण या पोपटांना खायला काहीही देऊ नये, आणि खिडक्या बंद ठेवाव्यात.

मिलफोर्डला वर्षाला सहा मीटरहून अधिक पाऊस पडतो. पाऊस आहे म्हणून बोट रद्द करू नका, कड्यांवरून शेकडो धबधबे त्याच दिवशी कोसळतात. फार मोठा पाऊस किंवा हिमकडे कोसळण्याचा धोका असेल तर रस्ताच बंद होतो, आणि तेव्हा टे अनाऊची दुसरी रात्र कामी येते. मे ते नोव्हेंबरच्या दरम्यान फलकावर सूचना असल्यास, बर्फावर घसरू नये म्हणून चाकांना लावायच्या साखळ्या गाडीत असणे सक्तीचे असते. दिवाळीत जाणाऱ्यांनीही त्या टे अनाऊमध्ये भाड्याने घ्याव्यात. मिलफोर्डला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर सँडफ्लाय नावाचे बारीक माश्यांसारखे किडे चावतात, त्यासाठी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मलम जवळ असावे.

वानाकाला जाताना क्वीन्सटाउनजवळून क्राउन रेंजचा रस्ता लागतो. सुमारे १०७६ मीटर उंचीवरचा हा न्यूझीलंडमधला सर्वांत उंच डांबरी मुख्य रस्ता आहे. बर्फ असेल किंवा चालकाला वळणांची भीती असेल, तर क्रॉमवेलमार्गे जाणारा लांबचा पण सोपा रस्ता घ्यावा. वानाकाचे दोन दिवस जाणूनबुजून रिकामे ठेवावेत.

वानाका ते फ्रान्झ जोसेफ हा या आराखड्यातला सर्वांत लांब दिवस आहे, सुमारे २८५ किलोमीटर, आणि चार तासांचा नियम इथे काठावर येतो. म्हणून नाश्ता आदल्या रात्री बांधून ठेवून आठच्या आत निघावे, हास्टला पेट्रोल भरावे, आणि थंडर क्रीकसारख्या पाच मिनिटांच्या धबधब्यांनाच थांबावे. हिमनद्यांबद्दल मुलांना खरे सांगावे. फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या दोन्ही हिमनद्या इतक्या मागे सरकल्या आहेत की, आता पायी जाऊन दुरूनच दिसतात, आणि बर्फावर पाय ठेवायचा असेल तर हेलिकॉप्टर घ्यावे लागते. ते हवामानावर अवलंबून असते आणि रद्द झाल्यास पैसे परत मिळतील का, हे आधी विचारावे. फॉक्सजवळच्या मॅथेसन सरोवराची सपाट प्रदक्षिणा मात्र वारा पडलेल्या सकाळी कोणालाही करता येते.

होकिटिकाहून क्राइस्टचर्च सुमारे २५० किलोमीटर, ९२० मीटर उंचीच्या आर्थर्स पासमार्गे. ओटिराचा १९९९ मध्ये खुला झालेला उंच पूल चढताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, आणि त्यापुढे कासल हिलच्या चुनखडकांत मुलांना तासभर मोकळे सोडावे.

गाडी शक्यतो त्याच संध्याकाळी, उजेडात परत करावी. जवळच्या पंपावर टाकी भरून पावती ठेवावी, चारही बाजूंचे, टायरचे, काचेचे आणि इंधनाच्या काट्याचे फोटो काढावेत, आसनांखाली मुलांच्या वस्तू शोधाव्यात, आणि कर्मचाऱ्याने गाडी पाहून कागदावर सही दिल्याशिवाय निघू नये. पहाटेच्या विमानासाठी कार्यालय बंद असताना पेटीत किल्ली टाकून गेल्यास, नंतर निघालेल्या ओरखड्याबद्दल मुंबईत बसून पत्रव्यवहार करावा लागतो.